दोन परवाने : रामश्टाइन आणि रंगमंचावरची आग



ज्या व्याख्यानमालेत संतकाव्य, नाट्यसंगीत, बोरकरांची कविता, दशावतार अशा विषयांवर बोलले जाते, तिथे जर्मनीतील एका कर्णकर्कश वाद्यवृंदाविषयी बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. विषय जाहीर झाल्यावर काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी गृहीत धरतो. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे एखादे पोर आहे, जे काळा सदरा घालून, कानात यंत्र खुपसून, आपल्याला न कळणाऱ्या भाषेतील गाणी ऐकत असते. ते काय ऐकते, हे समजून घेणे वडीलधाऱ्यांच्या कर्तव्यात मोडते असे मला वाटते. शिवाय या विषयात एक असा प्रश्न दडलेला आहे, जो गेल्या वर्षभरात आपल्या गोव्याच्या दारात येऊन उभा राहिला. तो प्रश्न आगीचा आहे. त्याच्याकडे मी क्रमाने येईन.

वाद्यवृंदाचे नाव रामश्टाइन. तो ज्या प्रकारचे संगीत वाजवतो त्याला ‘इंडस्ट्रियल मेटल’ म्हणतात. म्हणजे कारखान्याचे आवाज आणि विजेवर चालणाऱ्या गिटारींचा जड, खरखरीत स्वर यांचा मिलाफ. हे ऐकून ‘हे कसले संगीत?’ असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की हे संगीत जिथे जन्मले ती गावे डिचोलीला परकी वाटण्यासारखी नाहीत.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तिथला टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, वर चामडे चिकटवले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. तारा सैल झाल्या तसा स्वर खाली उतरला, जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाच्या त्या जड स्वरातून ‘हेवी मेटल’ हा सगळा प्रवाह निघाला असे मानतात. कारखान्यातल्या अपघाताची खूण त्या संगीताच्या अंगावर जन्मापासून आहे.

दुसरे गाव त्र्बोव्ल्ये. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील, आजच्या स्लोव्हेनियातील कोळशाच्या खाणींचे हे गाव. तिथे १९८० साली ‘लायबाख’ हा वाद्यवृंद निघाला. लष्करी थाटाचे गणवेश, भोंग्यांसारखे आवाज, हुकूमशहासारखे गायन. हे लोक हुकूमशाहीची थट्टा करतात की तिचे गोडवे गातात, हे सरकारला उमगेना, म्हणून काही वर्षे त्यांना त्या नावाने जाहीर कार्यक्रम करायला बंदी झाली. त्याच १९८० साली पश्चिम बर्लिनमध्ये ‘आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन’ हा गट उभा राहिला. ‘कोसळणाऱ्या नव्या इमारती’ असा त्या नावाचा अर्थ. वाद्ये विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी भंगारातले पत्रे, नळ, स्प्रिंगा आणि भोके पाडायची यंत्रे वाजवली. १९८४ साली लंडनच्या एका सभागृहात यंत्रांच्या मैफलीत त्यांच्यापैकी काहींनी चक्क मंचालाच भोक पाडायला सुरुवात केली, तेव्हा व्यवस्थापकांनी कार्यक्रम बंद पाडला.

आपल्याकडे खनिजाने भरलेले ट्रक, मांडवीतून मुरगावकडे जाणाऱ्या बार्जी, आमोण्याची लोखंडाची भट्टी, हे आवाज दोन पिढ्यांनी ऐकले. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा गावात जी शांतता पसरली, तीसुद्धा अनेकांना बोचली. त्या आवाजांचे आपण संगीत केले नाही, त्यांनी केले, एवढाच काय तो फरक.

आता रामश्टाइनकडे वळतो. त्यातले सहाही जण पूर्व जर्मनीत वाढले. गायक टिल लिंडेमान हा १९६३ सालचा. त्याचे वडील वेर्नर लिंडेमान हे कवी आणि बालसाहित्यिक. मुलगा तरुणपणी स्पर्धेत उतरणारा पोहणारा होता, मग टोपल्या विणायचा धंदा शिकला. गिटार वाजवणारा रिचर्ड क्रुस्पे स्वयंपाकी, कीबोर्डवाला फ्लाके लोरेन्त्स अवजारे घडवणारा कारागीर. उरलेले तिघे म्हणजे दुसरा गिटारवादक पाउल लांडर्स, बास वाजवणारा ओलिव्हर रीडेल आणि ड्रमवाला क्रिस्टोफ श्नायडर. सगळी हाताने काम करणारी माणसे.

त्या देशात जाहीरपणे वाजवायचे तर सरकारी परवाना लागत असे. समितीपुढे वाजवून दाखवायचे, समिती दर्जा ठरवणार, शब्द तपासणार, मगच बिदागी घेऊन कार्यक्रम करता येणार. लांडर्स आणि फ्लाके ज्या ‘फीलिंग बी’ या बंडखोर गटात होते, त्यालाही या चाळणीतून जावे लागले. श्रोतेहो, हा पहिला परवाना. शब्दाचा परवाना. गोमंतकीय मराठी माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज अमदानीत लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे, ही आठवण आपल्या घराघरांत आहे. नाटकाची संहिता साहेबाच्या टेबलावर किती दिवस पडून राहील, याचा घोर आपल्या नाटकवेड्या पूर्वजांनी सोसलेला आहे.

१९८९ साली बर्लिनची भिंत पडली. १९९४ साली या सहा जणांनी एकत्र येऊन रामश्टाइन काढले. बर्लिनमध्ये नव्या गटांसाठी एक स्पर्धा होती; ती त्यांनी जिंकली आणि बक्षीस म्हणून चांगल्या स्टुडिओत चार गाणी ध्वनिमुद्रित करायला मिळाली. तिथून त्यांची वाट सुरू झाली. विशेष हे, की १९९४ पासून आजतागायत तेच सहा जण आहेत. कोणी गेला नाही, कोणी नवा आला नाही. गाण्यांचे श्रेयही सहा जणांच्या नावे लागते. आपल्याकडच्या नाटक मंडळ्या किती वर्षांत फुटल्या याचा हिशेब ज्यांच्याजवळ आहे, त्यांना याचे मोल कळेल.

त्यांच्या नावामागे एक दुर्घटना आहे. रामश्टाइन हे पश्चिम जर्मनीतील एका लष्करी विमानतळाचे नाव. २८ ऑगस्ट १९८८ रोजी तिथे विमानांच्या कसरती पाहायला प्रचंड गर्दी लोटली होती. इटलीच्या हवाई दलाची तीन विमाने कसरत करताना आपसात आदळली. त्यातले एक पेटलेले विमान थेट प्रेक्षकांवर येऊन पडले. सत्तर माणसे मेली, शेकडो भाजली. या मंडळींनी ते नाव घेतले, त्यात एक ‘म’ वाढवला आणि त्याच घटनेवर एक गाणे रचले. ज्यांचा पुढचा सारा लौकिक आगीच्या खेळावर उभा राहिला, त्यांच्या नावातच प्रेक्षकांना जाळणारा एक खेळ आहे. हे त्यांनी ठरवून केले की योगायोगाने घडले, हा वाद बाजूला ठेवू. आपल्यासाठी ती आठवण जागी असणे महत्त्वाचे.

पहिला संग्रह १९९५ चा, ‘हेर्त्सेलाइड’ म्हणजे हृदयाची व्यथा. दुसरा १९९७ चा, ‘झेनझुख्ट’ म्हणजे तीव्र ओढ. त्याच वर्षी अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच याने आपल्या ‘लॉस्ट हायवे’ या चित्रपटात त्यांची दोन गाणी घेतली आणि त्यांचे नाव समुद्रापार गेले. मग २००१ साली ‘मुटर’ म्हणजे आई, २००४ आणि २००५ साली आणखी दोन संग्रह, २००९ साली एक, मग दहा वर्षांचा खंड, २०१९ साली नाव नसलेला एक आणि २०२२ साली ‘त्साइट’ म्हणजे काळ. अठ्ठावीस वर्षांत आठ संग्रह. ही घाईगर्दीत काम करणारी माणसे नव्हेत.

साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर त्यांच्या भाषेविषयी न बोलणे हा अन्याय होईल. जगभर नाव कमवायचे तर इंग्रजीत गायला हवे, असे सगळे मानत असताना हे जर्मनमध्येच गात राहिले. दोन-तीन गाण्यांचे इंग्रजी रूप त्यांनी करून पाहिले, पण लोकांनी मूळ जर्मनच उचलले. २०१० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन त्यांनी गच्च भरवले आणि तिथे हजारो अमेरिकन जर्मन शब्द घोकून आले होते. ‘दु हास्ट’ हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गाणे श्लेषावर उभे आहे. उच्चार एकच, पण एका लेखनात अर्थ होतो ‘तुझ्याजवळ आहे’, तर दुसऱ्यात ‘तू द्वेष करतोस’. आणि या दोन अर्थांच्या मधे लग्नातल्या शपथेचे शब्द ओवलेले. मोरोपंतांचे यमक-श्लेष पाठ असलेल्या आजोबांना हा खेळ नातवापेक्षा लवकर कळेल. गटे या महाकवीच्या ‘एर्लक्योनिग’ या कवितेत बाप आजारी मुलाला घेऊन रात्री घोड्यावरून निघतो. यांनी २००४ च्या एका गाण्यात ते दोघे विमानात बसवले. जर्मन मुलांच्या ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या १८४५ सालच्या पुस्तकात काड्यापेटीशी खेळून जळालेल्या मुलीची गोष्ट आहे. तिच्यावरही त्यांचे एक गाणे आहे. बाहेरून जे नुसते आरडाओरड वाटते, त्याच्या पोटात आपल्या भाषेचे वाचन आहे.

आता त्यांच्या मैफलींविषयी. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना कल्पना यावी म्हणून थोडे वर्णन करतो. मंच एखाद्या कारखान्यासारखा, लोखंडी सांगाडे, मनोरे, धुराडी. गाणे चालू असता खांबांतून आगीचे लोळ उठतात आणि मैदानाच्या टोकाला बसलेल्यांच्याही तोंडाला धग लागते. एका गाण्यात गायकाच्या पाठीला लोखंडी पंख बांधलेले असतात आणि त्या पंखांतून ज्वाळा निघतात. दुसऱ्यात वादकांच्या तोंडावर मुखवटे असून त्यांतून आगीचे फवारे सुटतात. एकात भलीमोठी कढई मंचावर येते, कीबोर्डवाला तीत बसतो आणि स्वयंपाक्याच्या वेषातला गायक आगीचे यंत्र घेऊन तिला ‘चूल’ लावतो. मग तोच कीबोर्डवाला रबरी होडीत बसून प्रेक्षकांच्या उंचावलेल्या हातांवरून तरंगत जातो. भीती, किळस, हसू, सगळे एका रात्रीत.

पेडण्याच्या माणसाला यात काही ओळखीचे सापडेल. दशावतारात मध्यरात्री संकासुर येतो तेव्हा लहान मुले आईच्या पदरात शिरतात आणि मोठी माणसे हसतात. तोच भीती आणि हास्याचा संगम. तिथेही रात्रभर चालणारा खेळ असतो, पायपेटी आणि झांजेचा गजर असतो, राक्षसवधाची आरोळी असते. दशावतारी नट लिखित संहितेशिवाय बोलतो म्हणून तो वाटेल ते बोलतो, असे आपण समजत नाही. आख्यान कुठे वळवायचे, वादकाला इशारा कधी द्यायचा, पहाटेपर्यंत प्रेक्षक कसा बांधून ठेवायचा, याचे नियम त्याच्या अंगात मुरलेले असतात. स्वैर दिसणाऱ्या कलेच्या आत केवढी बांधणी असते, हे आपल्याला दशावताराने शिकवलेले आहे.

रामश्टाइनला हा धडा आगीने शिकवला. सुरुवातीची आतषबाजी हौशी पद्धतीची होती. २७ सप्टेंबर १९९६ रोजी बर्लिनच्या एका मोठ्या सभागृहात नेपथ्याचा जळता भाग मंचावर कोसळला. त्यानंतर त्यांनी हे काम जाणकार तंत्रज्ञांकडे सोपवले. आणि गायक लिंडेमान याने स्वतः शोभेच्या दारूकामाचे रीतसर शिक्षण घेऊन परवाना मिळवला. श्रोतेहो, हा दुसरा परवाना. आगीचा परवाना. जो माणूस मंचावर वेड्यासारखा पेटत्या पंखांनी उभा असतो, त्याने नियमांची परीक्षा दिलेली आहे. त्याचे कान, केस, दंड अनेकदा भाजले. पण त्याने आपल्या अंगावर घेतलेला धोका प्रेक्षकाच्या अंगावर ढकलला नाही. अशा कामात वारा किती आहे, छत किती उंच, कापड कुठले, लोक किती अंतरावर, बाहेर पडायचे दरवाजे किती, विझवायला कोण उभा आहे, हे सर्व खेळापूर्वी तपासले जाते. मंचावर उन्माद दिसावा म्हणून मंचामागे कोणीतरी शुद्धीवर राहावे लागते.

तेव्हा त्यांच्या कारकिर्दीत दोन परवाने आहेत. पहिला सरकार शब्दासाठी देत होते, आणि त्यातून सुटण्यासाठी त्यांची सारी तरुणाई झगडली. दुसरा त्यांनी आगीसाठी आपण होऊन मिळवला. माझे सांगणे एवढेच आहे, की समाज बहुतेक वेळा यांची उलटापालट करतो. शब्दाला परवाना मागतो आणि आगीला मोकळी सोडतो.

शब्दावरून त्यांच्यावर गहजब बराच झाला. १९९८ साली एका गाण्याच्या चित्रफितीत त्यांनी लेनी रीफेनश्टाल हिच्या ऑलिंपिकवरील चित्रपटातील दृश्ये वापरली. ती हिटलरच्या राजवटीची चित्रपटकर्ती. त्यामुळे हे नाझी विचारांचे आहेत असा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांची शंका अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. जर्मनीच्या इतिहासात अशी दृश्ये निरागस राहत नाहीत. २००१ साली त्यांनी एका गाण्यातून उत्तर दिले, की आमचे हृदय डावीकडे धडधडते. २००९ साली त्यांचा एक संग्रह अल्पवयीनांना घातक ठरवून सरकारी यादीत टाकला गेला, म्हणजे दुकानात तो उघड मांडता येईना. दुसऱ्याच वर्षी न्यायालयाच्या निर्णयाने तो यादीबाहेर आला. अमेरिकेत १९९९ साली मंचावरील एका अश्लील अभिनयाबद्दल दोघांना एक रात्र कोठडीत काढावी लागली. यांतल्या काही गोष्टी मलाही रुचत नाहीत. पण रुची हा वादाचा विषय आहे. त्यासाठी समीक्षा आहे, घरातली चर्चा आहे, रिकामी खुर्ची आहे. त्यासाठी साहेबाचे टेबल नको.

आणि जिथे नियम मंचाच्या काठाशी थांबतो तिथे काय होते, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे आरती होईल. २०२३ च्या उन्हाळ्यात काही तरुणींनी गायकाविरुद्ध गंभीर आरोप केले. मंचासमोरच्या खास रांगेसाठी मुली निवडल्या जात आणि मैफलीनंतरच्या मेजवानीला नेल्या जात, असे त्यांचे म्हणणे होते. गायकाने वकिलांमार्फत आरोप फेटाळले. बर्लिनच्या सरकारी अभियोक्त्यांनी चौकशी केली आणि पुरेसा पुरावा नाही म्हणून ऑगस्टअखेर ती बंद केली. कायद्याचा निकाल तो मी बदलू शकत नाही आणि बदलत नाही. पण त्याच वर्षी म्युनिकच्या मैफलींत ती खास रांग आणि ती मेजवानी, दोन्ही बंद करण्यात आली. प्रेक्षक सुरक्षित राहिला पाहिजे हा नियम आगीपुरता नसतो, तो पडद्यामागेही लागू असतो, हे उशिरा का होईना मान्य झाले असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता आगीकडे. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका छोट्या नाइट क्लबमध्ये वाद्यवृंदाने पहिल्याच गाण्याला शोभेच्या ठिणग्या उडवल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना फोम लावलेला होता. त्याने पेट घेतला. शंभर माणसे मेली. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये ‘कोलेक्टिव्ह’ नावाच्या क्लबात एका मेटल वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात तेच घडले. ठिणगी, फोम, अपुरे दरवाजे. साठाहून अधिक बळी गेले, त्यांत वादकही होते. लोक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांत तिथल्या पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. त्या दोन्ही रात्री मंचावर जी आग होती, ती रामश्टाइनच्या आगीपुढे फुलबाजीएवढी होती. माणसे ज्वाळेच्या आकाराने मेली नाहीत. तिची जबाबदारी कोणावरच नव्हती म्हणून मेली.

आणि मग डिसेंबर २०२५. आपल्या हडफडे गावात, इथून फार दूर नाही, एका नाइट क्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली आणि पंचवीस जीव गेले. आत उडवलेल्या शोभेच्या दारूने ती भडकल्याचे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. मृतांत पर्यटक थोडे आणि कामगार जास्त होते. दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली, नाचणाऱ्यांना जेवण रांधून घालणारी पोरे. त्यांनी ते संगीत निवडलेले नव्हते. ते कामावर होते.

त्या दुर्घटनेआधी किनाऱ्यावरच्या पार्ट्यांविषयी आपण वर्षानुवर्षे काय बोलत होतो, ते आठवून पाहा. संस्कृती बिघडते, कपडे आखूड असतात, गाणी वाह्यात असतात, रात्री दहानंतर आवाज येतो. २०२४ च्या डिसेंबरात पेडणे महालातील धारगळला सनबर्न भरला, तेव्हाही वादाचा बराचसा भर संस्कृती आणि आवाज यांवर होता. आवाजाची तक्रार रास्त आहे. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवी. पण छताला काय लावले आहे, दरवाजे किती, अरुंद वाटेतून अग्निशामक बंब जाईल का, हे प्रश्न किती ग्रामसभांत विचारले गेले? आपण शब्दाचा परवाना तपासत बसलो आणि आगीचा परवाना कोणाच्या खिशात आहे हे पाहिले नाही.

याचे दुःख अधिक अशासाठी, की आगीचा नियम काय असतो हे आपल्या दोन महालांइतके कोणाला ठाऊक असावे? शिरगावच्या लईराईची बहीण मोरजाई मोरजीला, म्हणजे एक डिचोलीत आणि एक पेडण्यात. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड होमखणातून चालतात. देवकार्याची आणि मैफलीची बरोबरी मी करत नाही. तसे करणे दोहोंवर अन्याय होईल. मी फक्त एवढेच दाखवतो, की त्या निखाऱ्यांवर कोणीही उठून चालत नाही. त्याआधी व्रत असते, सोवळे असते, वेगळे राहणे असते, तळीतले स्नान असते, हातात वेत असतो, क्रम ठरलेला असतो. निखाऱ्यांपर्यंत पोचण्याआधी माणूस कित्येक दिवस स्वतःला नियमात बांधून घेतो. बघणाऱ्याला दिसते ते क्षणाचे धावणे. त्यामागचे दिवस दिसत नाहीत. आणि २०२५ च्या त्याच जत्रेत पहाटे चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. आगीचे व्रत पाळले गेले होते. अपघात झाला तो वाटेवर, गर्दीत. म्हणजे व्रत एकट्या धोंडाने पाळून भागत नाही. वाट आखणाऱ्यानेही ते पाळावे लागते. जिथे हजारो माणसे जमतात, तिथे वाट आखणे हेही त्या कार्याचेच अंग आहे.

श्रोतेहो, रामश्टाइनचे संगीत तुम्हाला आवडावे असा माझा आग्रह नाही. २०१९ ते २०२४ या काळात त्यांनी मोठमोठ्या क्रीडांगणांत मैफली केल्या आणि रात्रीमागून रात्री हजारो लोक ती धग तोंडावर घेऊन सुखरूप घरी गेले. माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी हीच. तिचे फोटो निघत नाहीत. कोणी मेले नाही ही बातमी होत नाही.

तेव्हा घरातली मुले अशा कार्यक्रमाला जायला निघतील, तेव्हा ‘कसली ही गाणी’ हा प्रश्न हवा तर विचारा, त्यावर वाद घाला, तो वाद गोडच असतो. पण त्याआधी दुसरे प्रश्न विचारा. जागा बंदिस्त आहे की उघडी? दरवाजे किती? आत आतषबाजी आहे का, आणि असली तर ती कोण करणार आहे? मुलांनाही आत शिरल्याबरोबर बाहेरची वाट बघायची सवय लावा. आणि पंचायतीत, पालिकेत, ग्रामसभेत हेच प्रश्न लेखी विचारा, तिथे काम करणाऱ्या परक्या पोरांच्या वतीनेही विचारा, कारण त्यांचे आईबाप इथे नाहीत. नाटकाची संहिता तपासायला एके काळी आपल्यावर साहेब बसवलेला होता. तो गेला, हे चांगले झाले. आता दरवाजे तपासायला आपणच बसायला हवे.